कासारीण आणि हरताळाचा लेप

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात तुळसा नावाची कासारीण राहत होती. तिचा नवरा भट्टीवर काचेच्या बांगड्या करायचा आणि ती घरोघरी जाऊन त्या भरायची. तिचा हात इतका हलका, की अगदी दाटीची बांगडीसुद्धा मनगटावर कधी चढली ते बाईला कळायचं नाही.

तुळसाच्या हनुवटीवर केस होते. ओठांवरही बारीक लव होती. तिच्या आईला तसेच होते, मावशीलाही. मन झालं तर ती दोऱ्याने काढायची, नाही झालं तर तशीच बाजारात जायची. नवऱ्याला त्याचं काही नव्हतं. तिलाही नव्हतं.

बांगड्या भरताना बायकांचे हात हातात घ्यावे लागतात, त्यामुळे तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हती. केस तिला एकटीलाच नव्हते. कोणाच्या दंडावर दाट होते, कोणाच्या गळ्याखाली, कोणाच्या हनुवटीवर उपटून उपटून काळे ठिपके पडले होते. बायका पदर ओढून घ्यायच्या. तुळसा बांगड्यांकडे बघायची आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढायची. एकीचं दुसरीला तिनं कधी सांगितलं नाही.

एके दिवशी गावात एक लेपवाला आला. पाटलांनी त्याला चावडीशेजारच्या खोलीत उतरवून घेतलं. जरीचा फेटा, गुळगुळीत आवाज. तो चावडीवर बसून सांगू लागला, "बाईच्या अंगावर पुरुषासारखे केस येतात, ते मागच्या जन्मीचं पाप असतं. अशी बाई ज्या घरात शिरते, त्या घराचं वाटोळं होतं. माझा लेप लावा, दिवसभर ठेवा. केस मुळासकट जातील आणि पापही जाईल."

हे ऐकणाऱ्या पुरुषांच्या छातीवर, पाठीवर अस्वलासारखे केस होते. पाटलांच्या तर कानांतून झुपके बाहेर आले होते. त्यांच्या पापाची चौकशी कोणी केली नाही. सगळ्यांच्या माना तुळसाच्या घराकडे वळल्या.

दुसऱ्याच दिवसापासून तिच्यासाठी दारं बंद झाली. पाटलांच्या मुलीचं, मैनाचं लग्न जवळ आलं होतं. तिचा हिरवा चुडा तुळसानेच भरायचा असं कधीचं ठरलं होतं. पण पाटलीणबाईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "तुळसे, लग्नघर आहे. असलं तोंड घेऊन येऊ नकोस."

"पाटलीणबाई, हेच तोंड घेऊन मी तुमच्या लग्नात तुम्हाला चुडा भरला होता," तुळसा म्हणाली.

दार लागलं. तुळसा पेटी उचलून घरी आली. तिला रडू आलं नाही, राग आला. त्या रागात तिनं भाकऱ्या करपवल्या आणि नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्ल्या.

लग्नाला चार दिवस उरले असताना पाटलीणबाईंचा निरोप आला. मागच्या दारानं ये, बांगड्या घेऊन ये.

आतल्या खोलीत मैना भिंतीकडे तोंड करून बसली होती. तुळसानं तिला वळवलं. पोरीची हनुवटी सोलवटून निघाली होती. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फोड होते, काही फुटलेले, काही पाण्यानं भरलेले.

"दोन कासार येऊन गेले," पाटलीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बांगडी लावली की ही किंचाळते. तुझा हात हलका आहे. कोपरापर्यंत चुडा भर, म्हणजे झाकलं जाईल. आणि बाहेर एक अक्षर बोलू नकोस. एवढं केलंस तर सगळ्या गावाची दारं तुला पुन्हा उघडून देईन."

तुळसाच्या घरात पंधरा दिवस चुलीवर कण्यांखेरीज काही शिजलं नव्हतं. तिनं पेटीकडे बघितलं, मग मैनाच्या हातांकडे.

"मावशी," मैना म्हणाली, "मी पुरुष होत चाललेय का गं? चार महिने झाले, माझी पाळीच आली नाही. आई म्हणते कोणाला सांगू नकोस. लेपवाला म्हणतो हे पापच आहे."

तुळसानं पेटीचं झाकण लावून टाकलं.

"जखमांवर बांगड्या भरणार नाही मी," ती म्हणाली. "पाटलीणबाई, पोर भाजली आहे आणि तुम्ही तिला काचेनं झाकायला निघालात? हिला वैद्यबाईंकडे न्यायला हवं. आत्ता."

"आणि व्याह्यांना कळलं तर?" पाटलीणबाईंचा आवाज फाटला. "तुला काय कळणार! वीस वर्षं मी दार लावून चिमट्यानं उपटतेय. यांना अजून माहीत नाही. माझ्या पोरीच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून मीच माझ्या हातानं तिला लेप लावला. ती ओरडत होती, तरी दिवसभर पुसू दिला नाही."

तुळसाला राग आला होता, पण तो एकट्या या बाईवर काढावा असं आता तिला वाटेना. मैनानं मात्र डोळे पुसले, पायात वहाणा घातल्या आणि पुढच्या दाराकडे चालू लागली. "चल मावशी," ती म्हणाली. पाटलीणबाईंनी तिचा पदर धरला, मग सोडला.

वैद्यबाई गावाबाहेर राहायच्या. त्यांनी आधी थंड पाण्यानं जखमा धुतल्या, तूप लावलं आणि मग मैनानं सोबत आणलेल्या लेपाचं बोट नाकाशी नेलं.

"चुना आणि हरताळ," त्या म्हणाल्या. "हरताळ म्हणजे विषारी पिवळा दगड. कातडं कमावणारे जनावराच्या चामड्यावरचे केस काढायला हे लावतात, तेही मेलेल्या जनावराच्या."

मग त्यांनी मैनाला विचारायला सुरुवात केली. केस हळूहळू आले की एकदम? आवाज घोगरा झाला का? पाळी कधीपासून चुकते? चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात का? वजन वाढलं का? मैना सांगत गेली. एवढ्या महिन्यांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, सगळ्यांनी नुसतं सांगितलं होतं.

"पोरी, तू बाईच आहेस," वैद्यबाई म्हणाल्या. "प्रत्येक बाईच्या शरीरात थोडा पुरुषाचा रस असतो आणि प्रत्येक पुरुषात थोडा बाईचा. तुझ्यात त्याचं प्रमाण बिघडलंय, म्हणून पाळी चुकते आणि केस वाढतात. औषध देते. रोज चालत जा, वेळेवर जेव. सहा महिने तरी लागतील, आणि आलेले केस एका रात्रीत झडणार नाहीत. तोवर दोऱ्यानं काढ, वस्तऱ्यानं काढ. वस्तऱ्यानं दाट होतात हे खोटं आहे. किंवा काढूच नकोस."

"आणि मी?" तुळसानं विचारलं.

"तुझी पाळी नेहमी वेळेवर आली. तुझ्या आईला होते, मावशीला होते. तुला आजार नाही गं, वारसा आहे. औषधाची गरज नाही."

परतताना तुळसा घरी गेली नाही, मैनाला घेऊन सरळ चावडीवर गेली. लेपवाला बोलत होता, पुरुष ऐकत होते, कडेला बायका पदर लपेटून उभ्या होत्या.

"ही बघा, पापीण आली," लेपवाला म्हणाला.

तुळसानं त्याच्यासमोरचं लेपाचं मडकं उचललं आणि त्याच्या मांडीशी ठेवलं. "बायकांच्या हनुवटीवरचे केस पापाचे ना? मग तुझ्या गालांवरची दाढी काय पुण्याची आहे? लाव हा लेप. दिवसभर नको. भाकरी भाजायला लागतो तेवढाच वेळ ठेव. आम्ही बघतो."

लोक हसले. मग लेपवाल्याकडे बघत थांबले. तो म्हणाला, पुरुषांची कातडी वेगळी असते. तो म्हणाला, आज तिथी बरी नाही. त्यानं मडक्याला बोटसुद्धा लावलं नाही.

तेव्हा मैना पुढे झाली आणि पाटलांच्या, म्हणजे आपल्या बापाच्या समोर तिनं दोन्ही हातांवरचा पदर काढला. मग कुंभारणीनं पदर काढला. तिच्या दंडावर तसाच भाजल्याचा चट्टा होता. मग सोनाराच्या सुनेनं, मग एका शेतकऱ्याच्या दोन्ही लेकींनी. घरोघर पोरी भाजल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच.

लेपवाला गर्दीतून निसटायला लागला. कुंभारणीनं त्याच्या फेट्याचं टोक धरलं, तो फेटा सोडून पळाला. सगळे लेप बायकांनी गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरले.

पाटील तुळसाशी वर्षभर बोलले नाहीत. घराण्याची अब्रू चावडीवर आणली म्हणाले. स्वतः लेपवाल्याला उतरवून घेतलं, त्यात अब्रू गेली असं त्यांना वाटलं नाही. व्याह्यांनी लग्न मोडलं. ज्या मुलानं होणाऱ्या बायकोला 'लागलं का?' एवढंही विचारलं नाही, त्याच्यासाठी मैना एक दिवस रडली आणि मग रडली नाही.

बायकांनी मात्र तुळसाला बोलावलं, पुढच्या दारानं. बांगड्या भरता भरता त्या आता विचारायच्या, "वैद्यबाई कधी भेटतात गं?" पाटलीणबाई सगळ्यांत शेवटी आल्या. खाली बघतच म्हणाल्या, "मलाही घेऊन चल."

आठ महिन्यांनी मैनाची पाळी नियमित झाली. केसही पुष्कळ विरळ झाले. जे उरले, ते ती वाटलं तर काढी, वाटलं तर ठेवी. पण दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग राहिले. ते कुठल्याच औषधानं गेले नाहीत.

तात्पर्य: बाईच्या अंगावर केस का वाढले, हे वैद्याला विचारावं, ते काढायचे की ठेवायचे, हे तिचं तिला ठरवू द्यावं, आणि लाजायचंच असेल, तर तिला लाजवणाऱ्यांनी लाजावं.