आक्का वाट चुकल्या

"चुकले म्हणते ना मी. आणखी किती वेळा म्हणू?"

"तुम्ही चुकत नाही, आक्का."

"मग हे समोर काय आहे? स्वर्गाचं दार?"

समोर रस्ता संपला होता. चिरे काढून काढून डोंगराला पडलेला लालभडक खड्डा, खड्ड्यात उन्हाचा नुसता जाळ, आणि माणूस औषधालाही नाही. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली असावीत. खाली, पार खाली, काजूच्या झाडांमधून काजळी नदी दिसत होती. तिच्या काठाकाठानं सायकली हाणत दोघांना जेवणवेळेपर्यंत कुडब्याला पोचायचं होतं. नदी राहिली खाली आणि हे दोघे येऊन बसले डोंगराच्या टाळूवर.

पद्माकर हसला. मास्तरांनी फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित मांडावं आणि पहिल्या बाकावरच्या पोरानं ते ओळखून गालात हसावं, तसं हसला.

"दात काय काढतोस मेल्या," म्हणत आक्कांनी सायकल दरडीला टेकवली आणि मटकन खाली बसल्या.

पद्माकर उभाच राहिला. अशा वेळी शिष्यानं बसायचं असतं की उभं राहायचं असतं, याचा त्याला अंदाज येईना.

हा पद्माकर सांगलीचा. वीस वर्षं गणिताचे क्लास चालवले, दर रविवारी पोरांचे पेपर काढले, आणि चाळिशी उलटल्यावर सगळं बंद करून आक्कांच्या मठात येऊन राहिला. मठ म्हणजे काजळीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, कौलारू दोन खोल्या आणि एक विहीर. आक्का तिथं एकट्या. सत्तरी ओलांडलेली, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अक्षरं आपली आपण शिकलेल्या, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपणहून दोन पावलं मागं सरावं. मठाचा डोंगर ज्यांना चढवत नाही अशांना भेटायला त्या दर वैशाखात सायकल काढून नदीकाठची गावं फिरायच्या. यंदा पद्माकरला बरोबर घेतलं. निघताना एवढंच म्हणाल्या, की तुला ठेवून घ्यायचं की घरी पाठवायचं ते या फेरीत ठरवू.

झालं. तेव्हापासून त्याला जिथं तिथं पेपर दिसायला लागला.

सकाळी आक्कांच्या सायकलची चेन पडली. रोज पडत नाही, आजच बरी पडली? त्यानं ती बसवली, पण बसवताना आक्कांच्या तोंडाकडे चोरून बघितलं. न्याहारीला एका घरी घावन पुढे आले, तर पोट बिघडलंय म्हणून आक्कांनी ताटली सारली. यानंही सारली. याचं पोट ठणठणीत होतं आणि भुकेनं कळवळत होतं. चढावर आक्का उतरून चालायला लागल्या, तर मांड्यांत जोर असून हाही उतरला. आक्कांनी विचारलं, बरं नाही का रे? हाही पेपरातलाच प्रश्न असणार, असं त्याला वाटलं.

आणि मग तो फाटा आला होता.

"फाट्यावर पाटी होती का रे?" पदरानं मान पुसत आक्कांनी आता विचारलं.

"होती."

"काय लिहिलं होतं?"

"कुडबे. बाण डावीकडे."

"आणि मी उजवीकडे वळले."

"वळलात."

"तू बघत होतास?"

"बघत होतो ना."

आक्कांनी मान पुसायची सोडली.

"मग तोंड का उघडलं नाहीस?"

याच प्रश्नाची पद्माकर चढणभर वाट बघत होता. तो सावरून उभा राहिला आणि सांगायला लागला. पाटी वाचून त्यानं हाक मारायला तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, की एवढी मोठी पाटी, एवढी ठळक अक्षरं, ती आक्कांना दिसली नाही असं होईलच कसं? म्हणजे दिसली आणि तरी वळल्या. मग तो गप्प बसला. पुढे आक्का वळणाआड गेल्या असताना मधल्या पायवाटेनं मोळीवाला एक म्हातारा उतरला आणि म्हणाला, वर काही नाही, जुनी खाण आहे. कुणी विचारलेलं नसताना म्हणाला. तेव्हा तर पद्माकरची खात्रीच पटली.

"म्हणजे तो म्हातारा मी पेरून ठेवला होता?"

"ते मी कसं सांगू? पण मी फसलो नाही."

आक्कांनी कपाळावर हात मारला. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लांबचं दिसत नाही, हे त्यांनी त्याला सांगितलं. सांगायला नको होतं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

पद्माकरला ते पटेना. मठात सुईत दोरा ओवताना त्यानं त्यांना कितीदा बघितलं होतं. खरं-खोटं करून घ्यावं म्हणून त्यानं नदीपलीकडच्या देवळाकडे बोट दाखवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या पताकेचा रंग कोणता?

"कसली पताका?"

पद्माकर चमकला. कसली पताका... खरंच की. रंग बघणाऱ्याच्या डोळ्यात, पताका बघणाऱ्याच्या मनात. त्यानं डोळे मिटून मान डोलावली.

"अरे, डोळे काय मिटतोस? मला देऊळसुद्धा दिसत नाहीये. पाणी दे."

आक्कांचं तोंड आता लाल नव्हतं, पांढरं पडलं होतं. त्यांची बाटली मघाच संपली होती. याच्या बाटलीत दोन घोट उरले होते. ती हातात घेऊन तो थबकला. शेवटचं पाणी गुरूला द्यायचं, हे तर कुणीही सांगेल. इतकं सोपं असेल का? की स्वतः पिऊन दाखवायचं? की दोघांनीही प्यायचं नाही? आक्कांचा हात पुढे आला होता आणि थरथरत होता. ती थरथर खरी की काय, तेही तो बघत राहिला.

आक्कांनी जराशी वाट पाहिली. मग दरडीला धरून उठल्या, त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. त्याला घोटभरही ठेवलं नाही.

"मला राग आलेला नाही, आक्का," पद्माकर म्हणाला.

"मला तहान लागलेली."

तेव्हा कुठे त्याचं हसू गेलं. आणि हसू गेल्यावर खाली जे होतं ते वर आलं. आक्कांच्या आधी त्यानं दोन गुरू केले होते. पहिले भर प्रवचनात श्लोक अर्ध्यावर विसरले. दुसरे त्याला सहा महिने प्रभाकर म्हणून हाक मारत होते. दोन्ही ठिकाणांहून तो त्याच दिवशी वळकटी बांधून निघाला होता. क्लास मोडला, सख्ख्या भावानं बोलणं टाकलं, लोकांनी वेड्यात काढलं, ते सगळं त्यानं सोसलं, ते एकाच आशेवर. कुठंतरी एक माणूस चुकत नसेल.

"चुकणाऱ्याच माणसापाशी राहायचं होतं, तर सांगली काय वाईट होती?"

"म्हणजे मी चुकले असेन तर तू जाणार."

"आजच. कुडब्याहून एसटीनं."

आक्का रिकाम्या बाटलीचं झाकण लावत राहिल्या.

त्या कशाचा विचार करताहेत ते पद्माकरला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात त्या विहिरीपाशी घसरून पडल्या तेव्हा उचलायला तोच होता. गळकी कौलं त्यानं परतली, रहाट त्यानं बसवला. तो गेला की मठात त्या, विहीर आणि ते डोळे. म्हणून त्यानं आवाज खाली आणला. एरवी कुणाची मनधरणी न करणारा माणूस, पण आता त्याचे हात जुळले होते.

"एकदा म्हणा, आक्का. परीक्षा होती म्हणा. पुन्हा विचारणार नाही. मठ सोडून कुठं जाणार नाही."

काय जड होतं? एक शब्द. तेवढ्या शब्दावर लोकांनी मठ उभे केलेत, मठांवर मजले चढवलेत.

आक्कांनी सायकल दरडीपासून सोडवली. तोंड उताराकडे फिरवलं.

"चुकले," त्या म्हणाल्या.

कॉपी करणाऱ्या पोराकडे बघायचा तसा पद्माकर त्यांच्याकडे रोखून बघत राहिला. कुठंतरी हसू दडवलं असेल, पापणी लवली असेल. तोंडावर घाम होता आणि लाल धूळ होती... आणखी काही सापडेना. तरी त्याच्या मनानं एक शेवटची उडी घेतलीच. हे नाही म्हणणं, हाच तर कठीणातला कठीण प्रश्न नसेल? त्यानं तसं बोलायला तोंड उघडलं.

आक्कांनी हात वर केला. मग आपली सायकल कडेच्या गवतात घातली आणि उताराची वाट त्याच्यासाठी मोकळी केली.

पद्माकर हलेना. शिष्यानं गुरूच्या पुढे जायचं नसतं, असं तो पुटपुटला.

"पुढे हो, पद्माकर. तू चुकलास तर मी गप्प बसणार नाही."