मनुकांच्या पाण्याची चोरी

“सोळा हंडे पाणी ओतलंत आणि उरले चार? बाकीचे बारा कुणाच्या घशात गेले?” धारगडचे रावराजे रसशाळेच्या दारात कंबरेवर हात ठेवून गरजले.

रावराजांना द्राक्षारिष्ट भारी प्रिय. औषध म्हणूनच घ्यायचे हो, फक्त दुखणं कोणतं ते राजवैद्यांना अजून सापडलं नव्हतं! मनुकांचं पाणी चौथाईपर्यंत आटवायचं, मग गूळ आणि धायटीची फुलं घालून महिनाभर मुरवायचं, अशी त्याची रीत. आजवर महाराजांनी फक्त पेला पाहिला होता. आज पहिल्यांदाच कढई पाहिली आणि डोक्यात चोरीचं भूत शिरलं.

“पाणी उकळून उडालं, महाराज,” भट्टीवाला सिदोजी हात जोडून म्हणाला.

“उडालं? पंख फुटले होते त्याला? उद्याच्या उद्या संस्थानाची शीव ओलांड!”

सिदोजीची लेक हौसा कोपऱ्यात मनुका निवडत होती. बापाची सारी हयात या भट्टीपुढे गेलेली. चोराचा शिक्का घेऊन म्हातारा आता जाणार कुठं? ती मनुकांचं सूप बाजूला ठेवून उठली.

“महाराज, किती पानी उडालं त्ये म्या कढईत न बघता सांगितलं तर?”

“न बघता!” महाराजांना गंमत वाटली. “बरं! उद्या कढई मी चढवतो. आत माझे शिपाई, तू दाराबाहेर. मनात येईल तेव्हा मी जाळ विझवीन. तेव्हा किती हंडे उरले ते सांगायचं. चुकलीस तर बापाबरोबर तूही चालू लाग!”

“व्हय महाराज!” हौसा म्हणाली. सिदोजीने मात्र कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सोळा हंडे मोजून कढईत पडले. दार लागलं. हौसा उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसली. सरपणाचा ढीग अंगणात, रसशाळेच्या कोपऱ्याआड होता. हमाल डोक्यावर मोळी घेऊन तिच्यासमोरून आत जायचा, की ही बाभळीची एक बी पदरात टाकायची.

आत महाराज घामाने निथळत होते. खिडकीतून बाहेर डोकावले, तर पोरगी निवांत बिया टाकतेय! ‘अस्सं! बाईसाहेब मोळ्या मोजताहेत होय!’ महाराज मिशीतल्या मिशीत हसले आणि मागच्या दाराने गुपचूप सटकले.

दिवस कलता कलता जाळ विझला. महाराज ऐटीत बाहेर आले. “बोल, किती उरले?”

हौसाने पदरातल्या बिया मोजल्या. अकरा. तिने मान वर केली, महाराजांना पायापासून पागोट्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि पदर झटकला.

“सात म्हननार व्हते, महाराज. पन आता म्हनते, सहा.”

“आता म्हणजे? शब्द फिरवतेस?”

“आधी मोजा तरी!”

शिपायांनी मोजलं. एक, दोन, तीन... सहा! सातवा हंडा कोरडाच राहिला. महाराजांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

“कसं ओळखलंस?”

“आमच्या मोळ्या एकाच मापाच्या दोरीनं बांधत्यात, महाराज. पयल्या दोन मोळ्या पानी तापवन्यातच जात्यात. पुढं मोळीमागं हंडाभर वाफ. माज्यासमोरून अकरा मोळ्या गेल्या, म्हंजी नऊ हंडे उडालं, सात उरलं.”

“मग सहा कशी म्हणालीस?”

“बारावी मागच्या दारानं गेली!”

“कुणी नेली?” महाराजांनी आवाज चढवला, पण तो नेमका चिरकला.

“नेनाऱ्याला सवय न्हवती. हमाल मोळी डोक्यावर वाहतो, तान्ह्या लेकरावानी छातीशी धरत न्हाई!”

सगळ्यांच्या नजरा महाराजांच्या छातीकडे गेल्या. जरीच्या अंगरख्यावर बाभळीची साल चिकटली होती, मोत्यांच्या कंठ्यात काटा अडकला होता! महाराजांनी घाईघाईने छाती झटकली, तो काटा बोटात घुसला. “आई गं!”

“म्हणजे आजचा चोर मी, असंच ना?” बोट चोखत महाराज म्हणाले.

“छ्या छ्या! चोर ती वाफच. आपन फकस्त तिला पळाया जाळ घातला!”

महाराज एवढे हसले, की पागोटं सुटून गळ्यात आलं. सिदोजीला भट्टी परत मिळाली, वर मानाचा शेला मिळाला. “आणि पोरी, तुला काय देऊ?”

“एकच मागनं हाय, महाराज. हितून पुढं सरपन आमचं आमीच आनू!”

महाराजांनी पुन्हा पोट धरलं आणि नदीकाठचं अख्खं बाभूळबन हौसाच्या नावे करून दिलं.