काचेच्या पाटातला खड्डा

एका नगरात एक विद्यापीठ होते. तिथल्या अभियांत्रिकी विभागात काचेच्या भिंतींचा एक लांब पाट होता. त्यात वाळू पसरायची, काचेलगत लाकडी खांब रोवायचा आणि पंपाने पाणी सोडायचे. पूर आला की पुलाच्या खांबापाशी काय होते, ते तिथे लहान रूपात दिसे.

भालचंद्र उखळकर आणि श्रीरंग मोकाशी या दोन मित्रांची उमेदीची वर्षे या पाटाशी गेली. दोघे एकाच वसतिगृहात वाढले आणि एकाच वेळी अध्यापक झाले. पुढे उखळकर विभागप्रमुख झाले. मोकाशी मात्र बाह्या वर करून पाटापाशीच राहिले.

मोकाशींनी एक गोष्ट सिद्ध केली. पूर जोरात असताना खांबाच्या पायाशी खोल खड्डा पडतो आणि पूर ओसरताना वाळू येऊन तोच खड्डा बुजवते. त्यामुळे पुरानंतर पाहायला गेलेल्या माणसाला पाया शाबूत वाटतो. त्याआधी सगळे जण पाणी बंद करून, वाळू बसली की मगच खड्ड्याला मोजपट्टी लावत. गढूळ वाहत्या पाण्यात मोजायचे कुणाच्या मनातही येत नसे. या संशोधनामुळे पुष्कळ पुलांचे पाये अधिक खोल गेले. म्हणून विद्यापीठाने मोकाशींचा जाहीर सत्कार करायचे ठरवले. गौरवाचे भाषण अर्थातच जिवलग मित्राकडे आले.

सत्काराच्या आदल्या दिवशी सबनीस नावाचे सहकारी उखळकरांच्या खोलीत डोकावले.

"सर, उद्या शाल मोकाशींना आणि माईक तुम्हाला? ही वाटणी कुणी केली?"

"का हो?"

"नाही, तुम्हीच सांगता ना नेहमी. 'वाहत्या पाण्यात बघ' असं त्याला मी म्हणालो म्हणून. मग शोध कुणाचा झाला?"

सबनीस हसत निघून गेले. उखळकरांच्या मनात मात्र खडा पडला. खरेच, ही गोष्ट ते कितीतरी वर्षे सांगत होते. विद्यार्थ्यांना, पाहुण्यांना, घरी जेवताना. प्रत्येक वेळी ते वाक्य त्यांच्याच तोंडी असे. उद्या भर सभेत तेवढे एक वाक्य म्हटले, तर अर्धा मान आपला. त्यात खोटे तरी काय? आणि मोकाशी जन्मात कधी वाद घालायचा नाही.

सत्काराच्या दिवशी सकाळी ते लवकर आले. पाय आपोआप प्रयोगशाळेकडे वळले. तोच ओल्या वाळूचा वास, तीच पंपाची खरखर. इथेच दोघे दुपारचे डबे खायचे आणि भाजी कुणाची चांगली यावरून भांडायचे. त्यांनी पंप सुरू केला.

पाणी गढुळले. खांबाच्या पायाशी वाळू गरगरत उठू लागली आणि काचेपलीकडे खड्डा खोल खोल होत गेला. त्यांनी पंप बंद केला. पाणी मंदावले, वाळू घरंगळत आली आणि खड्डा बुजून गेला. वरचे पाणी हळूहळू निवळले.

ते निवळ पाणी पाहून उखळकर चमकले.

शोध लागला त्या दिवसाची आठवण त्यांच्या मनात चित्रासारखी होती. पण त्या चित्रात पाणी असेच निवळशंख होते. निवळ पाणी म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे खड्डा आधीच बुजलेला. म्हणजे तो खोल होताना आपण पाहिलाच नाही. मग आपण होतो कुठे?

आणि मग सगळे आठवले.

"रंग्या, पाणी बंद कर आणि चहाला चल. वाळू काय पळून जात नाही," असे ते स्वतः म्हणाले होते.

"तू जा. मी जरा वाहत्या पाण्यातच बघतो," असे मोकाशी म्हणाला होता.

ते चहा घेऊन परतले, तेव्हा मोकाशी काचेला नाक लावून गुडघ्यांवर बसला होता. "भाल्या, आत्ता इथं वीतभर खड्डा होता रे! पंप बंद केला आणि बुजला!"

"आधी चहा घे. उपाशीपोटी असलंच काहीतरी दिसतं," असे म्हणून ते हसले होते.

मित्राचे वाक्य वर्षानुवर्षे घोळवता घोळवता त्यांचेच होऊन बसले होते.

संध्याकाळी सभागृह भरले. मानपत्र वाचून झाले. उखळकर बोलायला उभे राहिले. पुढच्या रांगेत सबनीस मान वाकडी करून, सरसावून बसले होते.

"मंडळी, या शोधात माझाही वाटा असेल, असं पुष्कळांना वाटतं. चूक माझीच, मी तसं सांगत आलो. खरा वाटा एवढाच, की त्या वेळी मी चहाला गेलो होतो. मी तिथे असतो तर पंप बंद करून यालाही ओढून नेलं असतं. वाळू पळून जात नाही, असं मीच याला म्हणालो होतो. ती पळते, हे आमच्या रंग्यानं शोधून काढलं. एकट्यानं."

सभागृह हसले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्या थांबेनात. सबनीस कार्यक्रमपत्रिका वाचू लागले.

गर्दी पांगल्यावर मोकाशी मित्राजवळ आले. शालीची त्यांना सवय नव्हती. ती सारखी घसरत होती.

"भाल्या, तू ते वाक्य आपलं म्हणून सांगायचास, ते मला ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"म्हटलं, एका वाक्यापायी मित्र कशाला घालवू? आज तू मागितला असतास, तर अर्धा मान दिलाही असता." मोकाशी थांबले. "फक्त पुन्हा तुझ्याबरोबर डबा उघडला नसता."

उखळकरांनी त्यांची शाल नीट केली.

तात्पर्य: आठवण नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते. दुसऱ्याच्या गौरवाच्या वेळी तिची उलटतपासणी करावी. त्यात वाटा गेला, तरी मित्र राहतो.