माळ्यावर नारळ कोण फोडणार

थर्माकोल भरलेल्या तयार भिंतींची शाळा आमच्या गावात उभी राहत होती. सोनबा सुतार म्हणाला, "थर्माकोलात स्क्रू धरत नाही. भिंतीच्या वरच्या कडेत फळी बसवू, तिच्यावर माळा टेकवू. वर पोरं बसणार आहेत."

इंजिनिअर शिकलेला, म्हणून ऐकणारा नव्हे. "फळी नको. माळा थेट भिंतीला आवळ, नाहीतर घरी जा."

"आवळतो साहेब. पण आमच्यात ज्याच्या शब्दावर माळा बसतो, त्यानंच वर उभं राहून नारळ फोडायचा असतो."

साहेबानं वर बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "माझे गुडघे दुखतात. तूच फोड."

"फोडतो की. मग शब्दही माझाच."

साहेबानं फळ्या मागवल्या.