पोवळ्याची बरणी

“...आणि मधला झाड खय आसा?”

दाजींनी विचारलं आणि ऋजुताच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

दाजी म्हणजे जिवबा तांडेल. वय पंच्याहत्तर, शिक्षण चौथी. बंदराजवळच्या प्रवाळ केंद्रात खोलीएवढ्या काचेच्या टाकीत खारं पाणी भरून जिवंत पोवळी वाढवायचं काम वीस वर्षांपासून त्यांच्याकडे होतं. होड्यांच्या नांगरांनी मोडलेले तुकडे परवान्यानिशी समुद्रातून उचलून आणायचे आणि इथं जगवायचे. फांद्या फुटलेल्या पोवळ्याला दाजी झाडच म्हणत. दीड महिन्यापूर्वी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि मग लेकीकडे वेंगुर्ल्याला राहिले. आज सकाळी काळा चष्मा लावून परत आले, ते पिशवीही खाली न ठेवता थेट टाकीपुढे.

ऋजुता थोरात कराडची. एम. एस्सी., विद्यापीठात पहिली. दोन वर्षांपूर्वी दाजींच्या हाताखाली आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, ही पोरगी चार महिन्यांत म्हाताऱ्यालाच शिकवेल. तिलाही तसंच वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

“उजेड कमी आहे, दाजी,” ती म्हणाली. “चष्म्यातून दिसत नसेल.”

दाजींनी पिशवी खाली ठेवली.

चोराच्या मनात चांदणं. बॅग भरून खोलीत ठेवलेली, राजीनामा पर्समध्ये. दाजी आले की सगळं सांगून टाकायचं आणि दुपारच्या एसटीनं निघायचं, एवढं तिनं पक्कं केलं होतं. आता सांगायच्या वेळी तोंड उघडेना.

दाजी गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. टाकीशेजारच्या बरणीवरून त्यांनी बोटं फिरवली.

बरणी हे दाजींनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री तो कॅल्शियम रिअॅक्टर. कमरेएवढी पारदर्शक नळी, तिच्यात मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे भरलेले. सिलिंडरमधून गॅसचा एकेक बुडबुडा आत जातो, पाणी जरा आंबट होतं आणि तुकडे सावकाश विरघळतात. ते चुन्याचं पाणी थेंब थेंब टाकीत पडतं. जिवंत पोवळी त्यातूनच आपली हाडं बांधतात.

“तुकडे दोन बोटां खाली बसले,” दाजी म्हणाले. “दीड म्हयन्यात अर्धा बोट बसता... किती बुडबुडे केल्लंस?”

“मिनिटाला साठ.”

“इसाचे साठ? येकदम?”

“एकदम.”

बुडबुडे वाढवायची दाजींची एक रीत होती. अमावास्येला एक वाढवायचा, नाहीतर पौर्णिमेला एक. मधल्या दिवसांत गॅसच्या चावीला बोटही लावायचं नाही. ऋजुता त्यावर पोट धरून हसली होती, मैत्रिणींना फोन करून सांगितलं होतं. दाजींची पाठ फिरली आणि तिनं गणित मांडून चावी फिरवली. गणित बरोबरच होतं, फक्त ते पोवळ्याला ठाऊक नव्हतं. चार दिवसांत पाण्यातला चुना दीडपट झाला. पाचव्या दिवशी मधल्या झाडाची टोकं भाजल्यासारखी पांढरी पडली, मग बुंध्यापासून कातडी सुटत वर गेली. तिनं गॅस खाली आणला, पाणी बदललं, रात्रंदिवस बसून राहिली. बाकीची पोवळी तगली. ते झाड मात्र आठवड्यात गेलं. दाजींनी ते आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. त्याची टोपलीएवढी वाढ व्हायला चौदा वर्षं लागली होती.

“मी मारलं त्याला, दाजी,” ती म्हणाली.

“सगळा?”

“एक टोक जिवंत होतं. कापून दगडावर चिकटवलंय. त्या कोपऱ्यात.”

“आणि ऱ्हवलेला? फेकलंस?”

“फेकवेना. आठ दिवस गोड्या पाण्यात ठेवलं, मग धुऊन गच्चीवर उन्हात वाळवलं.”

“हाड,” दाजी म्हणाले. त्यांच्या बोलीत हाड म्हणजे आण.

तिनं ते टॉवेलात गुंडाळून आणलं. पांढरं शुभ्र, कोरडं, हलकं. दाजींनी ते मांडीवर घेतलं आणि नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवत राहिले. एका फांदीपाशी हात थांबला.

“हयसर वाढ खुंटलेली बघ. वादळात लाइट गेलली. मी नि माझ्या बायलेन तीन दिवस हातान पाणी ढवळलंव.”

दाजींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

“दाजी, रागवा तरी.”

“हातोडी हाड.”

तिनं आणून दिली. दाजींनी घेतली नाही. दोन्ही तळवे पसरून त्यांनी झाड खालून धरलं, फांद्यांमधून त्यांची बोटं वर आली.

“फोड.”

“तुमचे हात आहेत मध्ये.”

“आसत.”

“बाजूला घ्या ना. हात फुटेल तुमचा.”

“म्हणान तू हळू मारतलंस.”

पहिला घाव इतका हलका पडला की आवाजही झाला नाही. दुसऱ्याला करंगळीएवढी फांदी टॉवेलावर पडली. ऋजुताला रडू फुटलं. तिनं ते आवरलं नाही आणि दाजींनी आवर म्हटलंही नाही. एक फांदी... मग दुसरी. दाजी झाड फिरवून द्यायचे, ती जागा बघून मारायची. एकदा हातोडी त्यांच्या अंगठ्याच्या नखाला निसटती लागली. दोघंही थांबली, मग दाजींनीच झाड पुढं केलं.

दुपारची एसटी हॉर्न वाजवत घाटीकडे गेली. दोघांनीही ऐकली.

“दाजी,” तिनं नाक पुसत विचारलं, “अमावास्या-पौर्णिमेला नक्की काय असतं? भरतीचा काही संबंध?”

“काय नसता.”

“मग?”

“हाताक खय तरी बांदून ठेवूक व्हया गो. माझोय हात शिवशिवता.”

सगळे तुकडे तिनं पुन्हा धुतले. गॅस बंद केला, बरणीचं झाकण उघडलं. पहिली मूठ भरली आणि तिचा हात बरणीच्या तोंडाशीच अडला.

“दाजी, त्या छोट्याला... याचीच हाडं?”

“दुसऱ्या कोणाची गोड लागतली तेका?”

तिनं मूठ सोडली. तुकडे पाण्यातून डुलत खाली गेले. सगळं झाड बरणीत मावलं, खाली बसलेली दोन बोटं तेवढी भरून निघाली. तिनं झाकण घट्ट केलं, गॅस सोडला, चावी अगदी जराशी उघडली आणि हात मागं घेऊन पदराआड लपवावा तसा ओढणीत गुंडाळला. दाजी ते बघून मिशीत हसले.

एक बुडबुडा वर आला. बऱ्याच वेळानं दुसरा.

“आता सांग,” दाजी म्हणाले. “कित्याक वाढवलंस?”

“पाण्यात चुना कमी पडतोय असं वाटलं. मागच्या महिन्याची वाढ बघितली तर...”

“ता नाय. कित्याक?”

टाकीत मासा एकदा काचेपाशी येऊन परत गेला. राजीनाम्यात तिनं तीन कारणं लिहिली होती. हे त्यांत नव्हतं.

“तुमच्या डोळ्यांची पट्टी सुटणार होती,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुम्ही त्याला धुक्यातूनच बघत होता ना? मला वाटलं, परत आल्या आल्या तुम्हांला ते झाड स्वच्छ दिसावं, आणि बोटभर वाढलेलं दिसावं. तुम्ही म्हणावं, पोरीनं वाढवलं... मला तुम्हांला दाखवायचं होतं, दाजी.”

दाजींनी काळा चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. कोपऱ्यातल्या दगडापाशी गेले, काचेला नाक लागेपर्यंत वाकले, आणि त्या अंगठ्याएवढ्या तपकिरी टोकाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

“दाखव मगे,” ते म्हणाले. “माका खय घाई आसा?”