रोजची दवंडी

केतकपूरच्या वेशीवरच्या पाणपोईत पाणी प्यायलेले वाटसरू संध्याकाळपर्यंत पोट धरून बसू लागले, तेव्हा सगळ्यांनी दोष दिला तो पाणपोई चालवणाऱ्या गवराला. गवरा रांजण रोज घासायची, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची. पण नदीच तांबूस वाहत असेल तर फडकं काय करणार? घाटाच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना होता. त्याच्या कुंडांतलं रंगाचं पाणी सरळ नदीत यायचं. आणि कारखाना होता जलाधिकारी त्र्यंबकपंतांच्या मेव्हण्याचा!

गवरा तांब्याभर पाणी घेऊन तडक दरबारात गेली. राजा चंडभानूने तांब्यात डोकावूनही पाहिलं नाही. रंग कालवून पाणी कुणीही आणील, म्हणाला. आपले पंत जातीने घाटावर जाऊन तपासणी करतात आणि आजवर पाणी एकदाही गढूळ निघालेलं नाही, असंही त्याने ठणकावलं.

ते खोटं नव्हतं, हीच तर गंमत. राज्याची रीतच अशी होती, की तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गावभर दवंडी पिटायची. दवंडी कानावर पडली की कारखान्यात कुंडांच्या मोऱ्यांना बोळे बसत. रातोरात नदी निवळे. सकाळी पंत जरीचं उपरणं सावरत घाटावर येत, पेलाभर पाणी उन्हात धरत आणि समाधानाने मान डोलवत. ते घरी पोचायच्या आत बोळे निघालेले असत.

गवराने हे सगळं सांगून पाहिलं. पण राजा हट्टाला पेटला होता.

"तपासणीच्याच दिवशी, घाटावर, पंतांच्या समोर पाणी खराब असल्याचं सिद्ध कर," तो म्हणाला. "पौर्णिमेपर्यंत मुदत. नाही जमलं तर पाणपोई बंद, आणि तू गावाबाहेर."

दरबार खो खो हसला. आईच्या मागे गवराला उरलं होतं ते एवढंच, ती पाणपोई. पण तिने पदर खोचला.

"महाराज, तपासणीचा दिवस कशावरून ठरतो?"

"दवंडीवरून. दवंडी झाली की दुसऱ्या दिवशी तपासणी. तसा कायदाच आहे."

"मग पौर्णिमेपर्यंत दवंडीवाला माझ्या हाताखाली द्या."

"घे! डफडं वाजवून पाणी गढूळ होत असेल तर तेही बघू."

त्या संध्याकाळी दवंडी झाली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा झाली. तिसऱ्या संध्याकाळी दवंडीवाला गल्लीत शिरला तेव्हा पंत जेवणाच्या पाटावरून ताडकन उठले. पण कायदा म्हणजे कायदा. रोज पहाटे उपरणं, रोज घाट, रोज पेला. पाणी कसं आरशासारखं! वाटसरू पाणपोईवर दोन-दोन तांबे पिऊन तरतरीत होऊन पुढे निघू लागले. इकडे कारखान्यातली कुंडं काठोकाठ भरली, कापड सुकं पडून राहिलं, आणि मेव्हणा सकाळ-संध्याकाळ पंतांच्या ओसरीवर येऊन गळा काढू लागला.

पौर्णिमेला राजा स्वतः घाटावर आला. तळाचा गोटा न् गोटा दिसत होता.

"काय गं, हरलीस ना?" राजाने मिशीला पीळ दिला.

"पाणी तर नितळ आहे, महाराज," गवरा शांतपणे म्हणाली. "माझं बोचकं बांधून तयार आहे. जाताना एकच मागणं. ही रोजची दवंडी तेवढी अशीच कायम चालू ठेवा."

"कायम?" पंतांचा धीरच सुटला. "अहो महाराज, रोज तपासणी झाली तर मेव्हण्याने कुंडं सोडायची कधी?"

पंतांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"सोडायची? कुठे सोडायची?" राजाने विचारलं.

पंत उपरण्यात तोंड लपवू लागले. बोलली ती गवरा. "नदीतच, महाराज. दिवस तपासणीचा. जागा घाटाची. आणि पंत नुसते समोर नाहीत, साक्षही त्यांचीच आहे."

राजाने एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा गवराकडे, आणि तो असा गडगडून हसला की पगडी निसटून पायरीवर आली. पंतांची जागा त्याने तिथल्या तिथे गवराला दिली, पाणपोईला राजाश्रय दिला आणि मेव्हण्याला कुंडांसकट नदीपासून लांब हलवण्याचा हुकूम सोडला.

"मग जलाधिकारी गवराबाई," डोळे पुसत तो म्हणाला, "पुढची तपासणी कधी?"

"ते कळलं," गवरा म्हणाली, "तर ती तपासणी कसली, महाराज?"

राजा पुन्हा हसत सुटला.