बसण्याचं वजन किती?

एक होतं आटपाट जंक्शन. तिथं फलाटावर विश्वासराव ठेकेदारांचं उपाहारगृह. त्यात दूध तापवायला भिकाजी आचारी, अन् कपबशा विसळायला त्याची लेक हौसा.

आता त्या जंक्शनात दुपारची मेल वेळेवर आलेली कुणी पाहिली नव्हती. पण आली की एका दमात दोनशे चहा लागायचे! म्हणून पाळी संपली तरी सगळे आचारी दूध तापतं ठेवून आपापल्या शेगडीपाशी बसून राहायचे. महिना सरला तसा भिकाजी हात जोडून उभा राहिला.

"मालक, ओव्हरटाइमचे पैसे?"

"कसला ओव्हरटाइम? मेल येईपर्यंत तू काय करत होतास?"

"बसलो होतो, मालक."

"बघ, तूच म्हणतोस! बसण्याचे पैसे द्यायचे तर देवळातल्या नंदीलाही पगार सुरू करावा लागेल!"

मोरीतून हौसा म्हणाली, "नंदी दूध तापवत नाही, मालक."

ठेकेदारांना आला राग. "फार तोंड चालतंय! मी वजन करून माल घेतो, वजन करून पैसे देतो. उद्या बापाचं बसणं तराजूत घालून दाखव. वजन भरलं तर सगळ्या आचाऱ्यांचे पैसे चुकते करीन. नाही भरलं, तर तुझ्या बापानं घरी जाऊन बसावं. हवं तेवढं!"

त्या रात्री भिकाजी भरल्या ताटावरून उठला. हौसा मात्र पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन सारखी पातेली घेतली, दोन्हींत सारखं दूध मापलं अन् दोन शेगड्यांवर चढवलं. एकीपाशी बापाला बसवलं. दुसरीपाशी कुणीच नाही. समोर खुर्ची टाकून मालक.

बाप बसलाय. मालक बसलेत. दूध तेवढं वर यायला लागलं. भिकाजीनं आपली आच कमी केली. दुसरं पातेलं फुगत चाललं.

"अगं, उतू चाललंय!"

"चालू दे, मालक."

"अगं, माझं दूध आहे ते!" मालक अर्धे उठले.

"बसा, मालक. उठलात तर ते काम होईल. तुमचा ओव्हरटाइम कोण देणार?"

मालक बसले. दूध पातेल्यातून ओट्यावर आलं, ओट्यावरून मालकांच्या नव्या वहाणेत.

मग हौसानं कांदे तोलायचा तराजू आणला. एका पारड्यात बापाचं पातेलं, दुसऱ्यात बिनबापाचं. बापाचं पारडं ठक्कन खाली!

"जेवढं जास्त भरलं, तेवढं माझ्या बापाचं बसणं. मापं टाकून बघा."

"लबाड! त्यानं आच कमी केली, मी पाहिलं. एका चुटकीचं काम. त्या चुटकीचे पैसे देतो!"

"चालेल की. मग उद्यापासून ती चुटकी आली की बाबाला घरून बोलावणं धाडा. फार लांब नाही आम्ही. अडीच कोस!"

मालकांनी तराजूकडे पाहिलं. वहाणेकडे पाहिलं. अन् असे हसत सुटले, की काय झालं म्हणून हमाल धावत आले!

त्याच दिवशी सगळ्या आचाऱ्यांचे पैसे चुकते झाले, अन् पुढचं बसणंही पगारात धरलं गेलं. शिवाय दोन नंबर फलाटावरचा चहाचा ठेला मालकांनी हौसाच्या नावानं करून दिला.

तेव्हापासून मेल जास्तच लेट झाली की सारं जंक्शन कपाळाला हात लावतं. भिकाजीच्या घरी तेवढं पुरण शिजतं!